किनाऱ्यावर अडलेला आवाज

मढच्या कोळीवाड्यात माणिक तांडेलला लोक पूर्वी आवाजावरून ओळखायचे. बोट धक्क्याला लागायच्या आधी त्याची हाक लागायची. पुढे बोट धाकट्या भावाकडे गेली आणि माणिक मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी झाला, तरी आवाज तोच राहिला. सभेत माईक बिघडला की लोक म्हणायचे, "माणक्या, तूच बोल, माईक कशाला पायजे?"

मग घशात गाठ आली. तंबाखू त्याने गाठ आल्यावर सोडला, म्हणजे उशीरच झाला होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याखाली श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर त्याची बायको मथुरा रोज पांढरा स्वच्छ रुमाल बांधून द्यायची. जीव वाचला, आवाज गेला.

पहिलं वर्ष त्याने कागदावर लिहून काढलं. पण मथुरा मालाडच्या बाजारात मासळी विकणारी बाई. तिला वाचायला वेळ लागायचा, आणि नवऱ्याशी भांडायचं तर ते वाचून वाचून कसं भांडणार? गळ्याला लावायचं एक यंत्र आणलं. त्यातून असा घरघर आवाज निघायचा, की शेजारचं लहान पोर रडायला लागलं. ते यंत्र कपाटात गेलं. फोनवरची अ‍ॅप्स मध्येच जाहिराती दाखवायची आणि नेट गेलं की मुकी व्हायची.

शेवटी त्याला 'टाक' सापडलं. लॅपटॉपवर साधा मजकूर लिहायचा फुकटचा प्रोग्रॅम. कोणा कंपनीचा नाही. चार हौशी लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो चालवायचे, त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा होता. त्यात ना रंगीत अक्षरं, ना चित्रं. पण त्याला एक जोड मिळायची, तिचं नाव 'बोलका'. ओळीवर यायचं, एक बटण दाबायचं, की लॅपटॉप ती ओळ वाचून दाखवायचा, नेट असो वा नसो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, तरी शब्द कळायचे. माणिकने रोजच्या वाक्यांची एक लांबलचक फाईल केली होती. 'चहा दे' पासून 'तुझ्या भावाला मी काय बोललो नाय' पर्यंत. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो पुन्हा भांडायला लागला तेव्हा मथुरा रडली होती. भांडताना रडली, म्हणून त्याला ते नीटसं कळलं नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी मालाडला जनसुनावणी होती. कोळीवाड्याला लागून बोंबील वाळवायची मोकळी जागा होती. बांबूच्या वलांड्या उभ्या करायच्या, आडव्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने अडकवायचे. त्याच जागेवर हौशी लोकांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा घाट होता. ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी स्वतः येऊन म्हणावं, अधिकारी प्रश्न विचारतील, असं नोटिशीत होतं.

सोसायटीचे चेअरमन भाऊराव. माणूस सोन्यासारखा, पण तापट. मागच्या बैठकीत ते टेबलावर हात आपटून इतके ओरडले, की त्यांना बाहेर काढलं आणि कोळीवाड्याचं म्हणणं म्हणून कागदावर काहीच उतरलं नाही. म्हणून या वेळी सगळ्यांनी ठरवलं, बोलायचं ते माणिकनेच. त्याला ओरडता येत नव्हतं, हीच त्याची लायकी, असं भाऊराव स्वतःच हसून म्हणाले होते.

माणिकने भाषण लिहून ठेवलं होतं. एकेक ओळ तासून तासून. सकाळी त्याने लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात चौकट आली. 'टाकची नवी आवृत्ती आली आहे. बोलका आता अडखळणार नाही.' जुना बोलका लांब वाक्यात अडखळायचा, हे खरं होतं. माणिकला वाटलं, अधिकाऱ्यांपुढे अडखळलेलं बरं नाही.

मथुरा दारात टोपली पुशीत होती. पडद्यावर काहीतरी सरकताना तिने पाहिलं. "आजच कशाला हात लावताव त्याला? चाललाय तो चालू दे ना."

माणिकने हात हलवला. दोन मिनिटांचं काम. 'हो' वर बोट ठेवलं.

नवं टाक उघडलं. अक्षरं सुबक दिसत होती. त्याने पहिल्या ओळीवर येऊन बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मग दुसऱ्या ओळीवर. मग तळाला जाऊन. लॅपटॉप गप्प. त्याने आवाज वाढवला, एक गाणं लावून पाहिलं. गाणं खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर धड होता. लॅपटॉप बंद करून चालू केला. गाणं वाजतंय, बोलका मुका. गळ्यावरचा रुमाल धपापायला लागला. त्याचा श्वास फुलला की तो रुमालावर दिसायचा, लपवता यायचा नाही.

"काय झायला?" मथुराने विचारलं. "तोंड असा का उतरलाय?"

त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. तिला कळलं. 'मी बोलले होते' हे शब्द तिच्या ओठांवर आलेले त्याला दिसले. तिने ते गिळले, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली. मथुरा गप्प बसते म्हणजे प्रकरण गंभीर.

माणिकने बोटीचं इंजिन खोललेलं होतं. बिघाड असला की घाबरून सगळेच नट ढिले करायचे नाहीत, हे त्याला माहीत होतं. पण हात ऐकत नव्हता. नवी आवृत्ती काढून जुनी घालावी, म्हणून त्याने टाकच्या पानावरून जुनी उतरवून घेतली. ती उघडली आणि लगेच मिटली. 'सेटिंग नव्या आवृत्तीची आहे, वाचता येत नाही.' नवी मुकी, जुनी उघडेना. आता तर पहिल्यापेक्षा वाईट झालं. त्याने नवी परत घातली आणि टाकच्या पानावर, जिथे लोक तक्रारी टाकतात तिथे, लिहिलं: 'आज अपडेट केल्यावर बोलका बोलत नाही. दुपारी काम आहे. कृपया लवकर सांगा.' आपला नंबर दिला. लिहिताना त्यालाच हसू आलं असतं, हसण्यासारखी वेळ असती तर. फुकटच्या वस्तूची तक्रार, आणि वर घाई.

भाऊराव आले ते इस्त्रीचा सदरा घालून. "काय सेक्रेटरी, तयारी झकास ना?" मथुराने त्यांना काय झालं ते सांगितलं. भाऊराव खुर्चीत बसले ते उठलेच. "वाट लागली! मग बोलणार कोण? द्या तो कागद, मी वाचतो."

माणिकने मान जोरात हलवली. भाऊराव वाचायला सुरुवात करतील आणि तिसऱ्या ओळीला कागद खाली ठेवून मनातलं बोलायला लागतील, हे तिघांनाही ठाऊक होतं. भाऊरावांनाही.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. माणिकने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग मेसेज आला. 'मी अस्मिता. नाहूरला राहते. टाकमधलं बोलकाचं काम मी बघते. तुमची तक्रार वाचली. फोन उचला ना, बोलून पटकन होईल.'

माणिकने टाइप केलं, 'मला बोलता येत नाही, मॅडम. घशाचं ऑपरेशन झालं आहे. बोलका हाच माझा आवाज आहे.'

पलीकडे 'टाइप करत आहे' असं आलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. माणिक त्या तीन ठिपक्यांकडे बघत राहिला. शेवटी उत्तर आलं. 'सॉरी काका. मला वाटायचं, लोक हे प्रूफं तपासायला वापरतात. काम किती वाजता आहे?'

त्याने सांगितलं.

'मी ऑफिसात आहे, पण बघते. तुम्ही फाईल पाठवू शकता का?'

माणिकचं बोट थांबलं. त्या फाईलीत सगळं होतं. भाषण, आणि भाषणाखाली घरातली वाक्यं. मथुराला रात्री म्हणायची दोन वाक्यंही होती. त्याने लिहिलं, 'फाईल घरची आहे. नाही पाठवत.'

'चालेल. मग आपण शोधू. फाईलीची एक प्रत करा. मूळ फाईलीला हात लावू नका. प्रतीतला अर्धा भाग काढून टाका आणि बघा बोलतो का.'

त्याने वरचा अर्धा ठेवला. मुका. खालचा अर्धा ठेवला. तोही मुका. आवाज असता तर त्याने शिवी हासडली असती. दोष एका ठिकाणी असता तर एका अर्ध्यात सापडला असता. इथे दोन्ही अर्धे मेलेले.

निघायची वेळ झाली. भाऊरावांनी रिक्षा आणली. मार्वे रोडला रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, माणिकच्या मांडीवर लॅपटॉप, मथुराचा हात लॅपटॉपच्या पाठीमागे टेकू दिल्यासारखा, आणि पलीकडे भाऊराव ड्रायव्हरला "हळू रे, हळू" म्हणत होते आणि लगेच "जरा पळव ना यार" म्हणत होते. फोनवर अस्मिताचे मेसेज येत होते.

'कोरं पान उघडा. फक्त नमस्कार लिहा.'

माणिकने लिहिलं. बटण दाबलं.

"नमस्कार," पत्र्याचा डबा बोलला.

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. मथुराने डोळे मिटून घेतले. माणिकला वाटलं, कोणीतरी पाठीवरची गोण उतरवली. म्हणजे बोलका मेला नव्हता. फाईलीतलं काहीतरी त्याचा गळा धरत होतं.

'आता भाषणाची एकेक ओळ त्यात टाका. कुठल्या ओळीला बंद पडतो ते बघा.'

पहिली ओळ बोलली. दुसरी बोलली. तिसरीला सगळं बंद, 'नमस्कार'सुद्धा बोलेना. टाक मिटून परत उघडल्यावरच तो शुद्धीवर आला. माणिकने ती तिसरी ओळ उलटसुलट वाचली. 'आमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतो.' यात काय वावगं होतं? त्याने शब्द सुटे केले. 'आमच्या' बोलला. 'बोंबील' बोलला. 'वाळतो' बोलला. 'किनाऱ्यावर' म्हणताच मुका. पुढे भाषणात बघतो तर 'वाऱ्यावर' ला मुका, 'खाऱ्या' ला मुका. घरच्या वाक्यांत 'म्हाताऱ्या' ला मुका.

त्याने अस्मिताला ते शब्द पाठवले. या वेळी ठिपके बराच वेळ हलत राहिले.

'काका, कळलं. चूक माझीच आहे. र यला आडवा जोडला जातो ना, तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. तुमचा कीबोर्ड मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालतो. दिसायला दोन्ही सारखेच. मी या आवृत्तीत साफसफाई करताना त्या चिन्हाचा विचारच केला नाही. माझ्या कीबोर्डवर ते येतच नाही, म्हणून मला कधी दिसलं नाही. फाईल उघडली की बोलका आधी ती सगळी चाळतो, म्हणून पहिल्या ओळीलाही मुका झाला. नवी आवृत्ती संध्याकाळपर्यंत देईन, त्याआधी नाही जमणार. आत्ता मी तुम्हाला दुसऱ्या पद्धतीचं अक्षर पाठवते. ते उचला आणि शोधा-बदला करून सगळीकडे घाला.'

मेसेजमध्ये नुसतं एक जोडाक्षर आलं. माणिकने ते उचललं. रिक्षा सभागृहापाशी थांबली तेव्हा तो अजून बदलत होता. पायऱ्यांवर बसून त्याने भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, लॅपटॉप कानाला लावून. पूर्ण बोललं. भाऊराव म्हणाले, "चल, देव पावला." माणिकला मात्र पावल्यासारखं वाटेना. प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर त्याच कीबोर्डवर लिहावं लागणार होतं.

आत पंखे गरगरत होते. पुढे तीन अधिकारी, मधल्या बाई वयस्कर, चष्म्याला दोरी. माणिकचं नाव पुकारलं. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला, माईक त्याच्याजवळ सरकवला आणि एक कागद बाईंपुढे धरला: 'मला बोलता येत नाही. यंत्र बोलेल.' बाईंनी मान डोलावली. मागे कोणीतरी हसलं, कोणीतरी "श्श" केलं.

बोलका बोलला. किनाऱ्यावर बोलला, वाऱ्यावर बोलला. किती घरं या वाळवणावर जगतात, बाया पावसाळ्याच्या चार महिन्यांत हाच सुका बोंबील विकून कसं भागवतात, सगळं सपाट आवाजात, कुठेही न चढता. माणिक उभा होता. प्रत्येक ओळीला तो बटण दाबायचा आणि ती संपेपर्यंत श्वास धरायचा, गळ्यावरचा रुमाल स्थिर.

भाषण संपलं. बाईंनी चष्मा काढला. "तुमचं म्हणणं समजलं. पण एक सांगा. ही वाळवण थोडी आत, गावाच्या मागे का नेता येत नाही? तिथे जागा आहे, नकाशात दिसते."

माणिकने कोरं पान उघडलं आणि लिहायला लागला. उत्तर त्याच्या बोटांत तयारच होतं, पिढ्यांचं उत्तर ते. 'बोंबील उन्हावर नाही, खाऱ्या वाऱ्यावर वाळतो.' घाईत त्याने बटण दाबलं.

"बोंबील उन्हावर नाही," डबा म्हणाला, आणि गप्प झाला.

सभागृह वाट बघत राहिलं. पंख्यांचा आवाज एकाएकी मोठा झाला. माणिकने टाक मिटलं, परत उघडायला टाकलं. पडद्यावर छोटं चक्र फिरत होतं. डाव्या बाजूचा अधिकारी घड्याळाकडे बघून म्हणाला, "पुढचं नाव घेऊ या का?"

मागे खुर्ची सरकली. भाऊराव उठले होते, चेहरा लाल. मथुराने त्यांचा सदरा मागून धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊराव, बसा. आज बोलायची पाळी तुमची नाय."

ते बसले. त्यांना बसवणं हे त्या दिवशीचं अर्धं काम होतं, असं माणिकला पुढे कितीदा वाटलं.

मधल्या बाई म्हणाल्या, "थांबू या. त्यांना वेळ द्या."

टाक उघडलं. माणिकने बोटं कीबोर्डवर ठेवली. अस्मिताने दिलेलं अक्षर शोधायला वेळ नव्हता. मग त्याला सुचलं, की तो शब्दच तसा येऊ द्यायचा नाही. वारा, नुसता वारा. किनारा, नुसता किनारा. त्यांना पुढे काही जोडायचंच नाही. त्याने तुटक तुटक लिहिलं आणि ओळीओळीने बटण दाबत गेला.

"बोंबील उन्हावर नाही वाळत. वारा लागतो. वारा खारा लागतो. तो समुद्रावरून येतो. गावाच्या मागे घरं आहेत. घरं वारा अडवतात. तिथे बोंबील सडतो. मी माझ्या लहानपणी बघितला आहे सडलेला. एकदा वादळ झालं तेव्हा वलांड्या मागे नेल्या होत्या. सगळा माल फेकला. या, आणि उभ्या राहून बघा. गालाला वारा कुठे लागतो ते तुम्हालाच कळेल."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "प्रत्यक्ष जागा बघायला हवी. नोंद करा."

बाहेर आल्यावर माणिक पायऱ्यांवरच बसला. मथुराने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. भाऊराव पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वारा अडवतात! काय बोललास रे माणक्या. मी असतो तर तासभर बोललो असतो आणि हे राहूनच गेलं असतं."

माणिकने अस्मिताला मेसेज केला. 'झालं. एकदा अडकला. पण झालं.'

'काका, मी दिवसभर मीटिंगमध्ये बसले होते आणि काय चाललंय ते एक अक्षर ऐकलं नाही,' तिने लिहिलं. 'दुरुस्ती तयार आहे. पण सोडायला भीती वाटते. आणखी कोणाचा असाच आवाज यावर असेल, मला कुठे माहीत आहे?'

अधिकारी आले ते पुढच्या महिन्यात. बाई वलांड्यांच्या मधून चालल्या, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला तो दोनदा सावरला, आणि गावाच्या मागच्या जागेत जाऊनही उभ्या राहिल्या. निर्णय आला तो पुरता जिंकल्यासारखा नव्हता. धक्का सरकला, पण एका टोकाच्या काही वलांड्या गेल्याच. ज्या दोन घरांच्या त्या होत्या, त्यांना उरलेल्यांनी आपल्यात जागा करून दिली. त्यावरूनही भांडणं झालीच.

माणिकला मात्र एक नवं काम लागलं. टाकची कुठलीही आवृत्ती लोकांना देण्याआधी अस्मिता ती आधी त्याला पाठवते. तो ती दुसऱ्या, भावाच्या जुन्या लॅपटॉपवर घालतो. प्रत आधी काढलेली असते. तरी दर वेळी 'हो' वर बोट ठेवण्याआधी तो प्रत आहे ना ते पुन्हा उघडून बघतो. एकदा त्याने अस्मिताला लिहिलं, अपडेट केलंच नाही तर? कायम जुन्यावरच राहिलो तर? ती म्हणाली, लॅपटॉपच एक दिवस बदलेल काका, तेव्हा जुनं त्यावर चालणारच नाही. ते त्याला पटलं. बोटीचं लाकूड दर वर्षी तासून, तेल पाजूनच पाण्यात घालावं लागतं; काठाला ठेवली तरी ती कुजतेच.

परवा रविवारी नवी आवृत्ती आली. माणिक सकाळपासून तिच्यापुढे बसला होता. घरातली सगळी वाक्यं त्याने एकेक करून वाचवून घेतली. मथुरा चुलीपाशी होती. मध्येच डब्याने तिला ऐकवलं, "तुझ्या भावाला मी काय बोललो नाय."

"बोललात," मथुरा मागे न बघता म्हणाली. "आन जेवायला या आता, कालवन थंड होतंय."

माणिकने पुढची ओळ तपासायला घेतली.